कॅफिनने जाग येते, अभ्यास होतोच असं नाही

संपादक साहेब,
पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या आसपास रात्री उशिरापर्यंत एमपीएससीवाल्या पोरांची चहाला गर्दी असते, आणि आता चहासोबत एनर्जी ड्रिंकचे कॅनपण हातात दिसायला लागलेत. परीक्षा आली की जागायचं, जागायचं तर कॅफिन घ्यायचं, एवढं सोपं गणित. पण कॅफिन ताकद वगैरे काही देत नाही हो, दिवसभर मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं त्यानं झोप येते, कॅफिन फक्त त्याची जागा अडवून बसतं, साठलेलं तिथंच राहतं, म्हणून असर उतरला की माणूस एकदम गळून जातो. लक्ष लागतं हे खरंय, मी पण सकाळच्या चहाशिवाय कामाला हात लावत नाही. पण शरीरातलं निम्मं कॅफिन जायलाच साधारण पाच तास लागतात (काहींना जास्तच), म्हणजे रात्री दहाला प्यायलेल्याचा अर्धा भाग पहाटे तीनला शिल्लक, मग झोप लागली तरी कच्ची, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं बसायला झोपच लागते ना! निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत चालतं म्हणतात. आपल्याकडे या ड्रिंक्समध्ये लिटरला 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घालायला परवानगी आहे, पण कॅनवरची ती बारीक अक्षरं वाचतंय कोण? निदान ठळक मराठीत छापा, आणि अभ्यासिकावाल्यांनी संध्याकाळनंतर फ्रिजमधून कॅन काढून ताक ठेवावं.
- एक वाचक, पुणे