चाकोरीबाहेर

प्रिय लंब्या,

अक्षर बघून हसू नकोस. उजवं मनगट सुजलंय, पेन नीट धरवत नाही. पडलो. बाईक ठीक आहे; तू आधी तेच विचारणार, म्हणून आधी तेच सांगितलं.

तर, व्हाइट रिम केला एकदाचा! यूटातल्या कॅनियनलँड्स नॅशनल पार्कातला तो १०० मैलांचा कच्चा रस्ता, ज्याच्या नकाशावर आपण तासन्‌तास बोटं फिरवायचो. ऑक्टोबरातल्या मुक्कामाचा परवाना कितीतरी आधी काढून ठेवला होता. एटीव्ही, म्हणजे त्या जाड टायरच्या चारचाकी मोटारगाड्या, तिथे चालत नाहीत आणि बाईकही नंबरप्लेटवालीच लागते. वाटेत प्यायचं पाणी कुठेच नाही, म्हणून माणशी आठ लिटर लादून जवळच्या मोआब गावाहून मी आणि जोडीदार निघालो.

पहिली परीक्षा शेफर ट्रेलची. कड्याच्या अंगावर वळणावर वळणं, हजाराहून जास्त फूट उतार. पहिला गिअर, इंजिनच्या ओढीवर उतरायचं, पुढच्या ब्रेकवर एकच बोट, नजर पुढच्या वळणावर. हे सगळं तूच शिकवलेलं आणि तिसऱ्याच वळणावर मी दरीत डोकावलो. पुढचं मिनिटभर काय झालं ते विचारू नकोस.

खाली मात्र रस्ता एका प्रचंड सज्जावरून जातो. पांढऱ्या वालुकाश्माचा कठीण थर वर आणि त्याखाली मऊ लालसर खडक. खालचा भराभर झिजतो, वरचा टिकून राहतो, त्यामुळे दरीत जागोजागी पांढरी टोपी घातलेले लाल खांब उभे आहेत. रस्त्याची गोष्टही गमतीची. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगानं युरेनियमसाठी तो काढला. युरेनियम जेमतेमच निघालं. १९६४ साली पार्क झालं आणि आपल्यासारख्या रिकामटेकड्यांना रस्ता आयता मिळाला.

रात्र मर्फी हॉगबॅक नावाच्या उंचवट्यावरच्या तळावर काढली. तिथली सुट्या दगडांची चढण मी दोनदा बंद पडून चढलो. आकाशाबद्दल काही लिहीत नाही, उगाच कविता होईल.

पडलो दुसऱ्या दिवशी, ग्रीन नदीकाठच्या वाळूत. टायरमधली हवा १८ पीएसआयवर आणली होती, फूटपेगवर उभा होतो, वजन मागे. वाळूत पुढचं चाक पोहतं, त्याला पोहू द्यायचं. हँडल सैल आणि थ्रॉटल, म्हणजे उजव्या मुठीतला अ‍ॅक्सिलरेटर, उघडा. मला सगळं पाठ होतं रे. पण चाक जरा जोरात डुललं आणि हातानं आपणहून थ्रॉटल मिटला. चाक रुतलं, बाईक चाकोरीतच आडवी झाली आणि मी चाकोरीबाहेर, तळहातांवर.

जोडीदार धावत आला. मला वाटलं, लागलं का विचारेल. तो ओरडला, "पाय हलवू नकोस!"

कारण मी जिथे पडलो ती नुसती माती नव्हती. तिथल्या जमिनीवर काळपट, खरबरीत पापुद्रा असतो. सायनोबॅक्टेरिया (एक प्रकारचे सूक्ष्म जिवाणू), दगडफूल, शेवाळ असं सगळं मिळून तो तयार होतो आणि वाळूचे कण बांधून धरतो. तो नसेल तर वारा वाळू उडवून नेईल, पाणी मुरणार नाही, झुडपंही तगणार नाहीत. एक पाऊल पडलं तरी चुरा होतो आणि भरून यायला कित्येक दशकं लागू शकतात. दोन दिवस आम्ही चाकोरी सोडली नव्हती ती एवढ्यासाठीच.

एकच पाऊल टाकून, कसाबसा तोल सावरत बाहेर आलो. मागे बघितलं. माझ्या उजव्या हाताचा पंजा उमटला होता, पाचही बोटांसकट. तो पुसायला जावं तर आणखी मोडणार. ब्रेकचा वाकलेला लिव्हर जोडीदारानं तिथेच सरळ केला, पण पंजाचं काय करणार?

मग हार्डस्क्रॅबलची टेकडी आणि शेवटी मिनरल बॉटमची चढण. २०१० च्या पुरात ती वळणं वाहून गेली होती, पुन्हा बांधलीत. थ्रॉटल पिळताना दर वळणाला मनगटातून कळ येत होती आणि मी शिव्या वाळूला देत होतो.

पुढच्या वर्षी तू येच. नदीकाठच्या पोटॅटो बॉटम या मुक्कामाच्या जागेच्या जरा अलीकडे, उजव्या हाताला बघायचं. पंजा तिथेच असेल.

तुझा,
बुटक्या