'सेडम' एवढ्या नावावर रोप घेऊ नका

संपादक महोदय,

हरित छतासाठी, म्हणजे माती पसरून रोपं लावलेल्या छतासाठी, सक्युलंट (जाड पानांत पाणी साठवणारी रोपं) लावा, त्यांना पाणी लागत नाही, असा सल्ला सरसकट दिला जातो. त्यावर विसंबून आणलेली रोपं पहिल्याच हिवाळ्यात किंवा पावसाळ्यात जातात, म्हणून हे पत्र.

एकेवेरिया, जेड ही सक्युलंट कुंडीत देखणी दिसतात, पण पारा शून्याखाली गेला की पानांतलं पाणी गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पानं काचेसारखी पारदर्शक, लिबलिबीत होतात. सेडम हा सक्युलंटचाच एक गट, त्यात अनेक जाती येतात. थंड प्रदेशातल्या छतावर त्यातल्या सेडम आल्बम, सेडम एकर, सेडम स्पुरियम आणि सेम्परव्हायव्हम हे दुसरं सक्युलंट टिकतात. स्पुरियमची बरीच पानं हिवाळ्यात गळतात. ते मेलं समजून उपटू नये, वसंतात खोडावरच नवे कोंब येतात. माती सुकली की सेडम आल्बम पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) दिवसा मिटून रात्री उघडतं, त्यामुळे पाणी कमी उडतं आणि मातीच्या ८-१० सेंटिमीटर थरातही ते भागवून घेतं. उष्ण-दमट हवेत मात्र हीच सेडम कुजतात. तिथे चिनी गुलाब (पोर्टुलाका) बरा.

रोपं मरतात ती तहानेपेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्याने जास्त, आणि त्याला कारण बागेतली माती. छतावर भरायच्या मिश्रणात ८० ते ९० टक्के विटांचा चुरा, प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) किंवा भाजलेल्या मातीच्या गोळ्या हव्यात, कंपोस्ट १० ते २० टक्केच. कंपोस्ट वाढवलं की रोप सुरुवातीला तरारून दिसतं, पण खोड लांब आणि कमकुवत होतं, पहिल्या थंडीत आडवं पडतं. शिवाय तण माजतं. असा १० सेंटिमीटर थर भिजल्यावर चौरस मीटरला साधारण १२० ते १५० किलो भरतो, बागेतली माती त्याहून बरीच जड. छताला हा भार पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आधी लेखी घ्या. खाली वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं अडवणारा थर, मग निचऱ्याचा थर आणि गाळणकापड, हा क्रम चुकवू नका. पाणी जायच्या तोंडाभोवती हातभर जागा गोट्यांनीच भरा.

चौरस मीटरला १६ ते २५ रोपं, आणि निदान पाच जाती मिसळून. एका जातीवर रोग आला तर सगळं छत उघडं पडत नाही. कडक थंडीच्या सहा ते आठ आठवडे आधी लावा. मुळं धरली नसतील तर गोठणारी माती रोपं वर ढकलून देते. रोप हलकेच ओढून पाहावं, माती सोबत उचलली गेली तर मुळं धरली.

रोपवाटिकांना एक विनंती. लेबलवर नुसतं 'सेडम' लिहू नका, पूर्ण शास्त्रीय नाव आणि रोप किती थंडी सोसतं तो अंश लिहा. टांगत्या कुंडीतलं सेडम मॉर्गनियानम हेही सेडमच, पण हात लागताच त्याची पानं गळतात आणि थंडीच्या एका कडक रात्रीत ते संपतं. छतासाठी ते घेणाऱ्याचा दोष नाही, लेबलवर तेवढंच लिहिलेलं असतं.

आपला,
एक वाचक