डंख कशाचा हे शोधण्यात वेळ घालवू नका

महोदय,

गेल्या महिन्यात केळीच्या बागेत बुंध्याशी फुटलेली पिले (कोंब) कापताना आमच्या सालदाराला मानेवर गांधीलमाशीने डंख मारला. कोणी चुना आणायला धावले, कोणी डंखावर विळा घासला आणि माशी नेमकी कोणती यावर वाद सुरू झाला. तेवढ्यात त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि आवाज घोगरा झाला. दवाखान्यात मांडीत अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन मिळाले म्हणून तो वाचला, पण बागेत गेलेली ती पंधरा मिनिटे मला आजही स्वस्थ बसू देत नाहीत.

डंखाच्या जागी आग होणे, लाली व सूज येणे यात सहसा धोका नसतो. साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवली की बहुतेकांना उतार पडतो. मधमाशीचा काटा मात्र कातडीतच राहतो. काळ्या कुसळासारख्या त्या काट्याला चिकटलेली विषाची पिशवी माशी उडून गेल्यावरही काही वेळ विष सोडत असते, त्यामुळे चिमटा शोधत न बसता तो नखाने तत्काळ खरवडून काढावा. गांधीलमाशी काटा मागे ठेवत नाही आणि पुन्हा पुन्हा डंख मारू शकते.

डंखापासून दूर अंगावर गांधी उठणे, चेहरा किंवा जीभ सुजणे, धाप लागणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, चक्कर येणे, यांपैकी काहीही दिसले तर माशी कोणती हा प्रश्नच उरत नाही. लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा. तोंडात डंख बसला किंवा आग्यामोहोळ उठून अनेक डंख बसले, तर रुग्ण बरा दिसत असला तरी त्याला दवाखान्यात न्यावेच, कारण मूत्रपिंडावरचा परिणाम उशिराही दिसतो.

विंचू हा कीटक नव्हे, पण कापूस वेचताना तोही भेटतो. विंचू चावल्यावर दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले किंवा उलट्या झाल्या, तर मंत्राने विष उतरवणाऱ्याकडे जाण्यात वेळ दवडू नये, आणि लहान मुलाला तर लक्षणांची वाट न पाहताच न्यावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशावर परिणामकारक उपचार होतो, मात्र तो वेळेत सुरू व्हायला हवा.

आरोग्य विभागाने ही लक्षणे मोठ्या अक्षरांत लिहिलेला फलक प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत अ‍ॅड्रेनालिन व प्राझोसिन बारमाही उपलब्ध ठेवावे, ही विनंती.

– एक केळी उत्पादक शेतकरी, ता. रावेर, जि. जळगाव