नाईल आणि मिसिसिपीच्या मधली कोरी जागा

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

निकाल लागला त्या दिवशी फोनवर बोललो, पण मनातलं सगळं फोनवर सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. घरचे ऊसतोडीला जातात आणि मुलगी अंबाजोगाईत राहून इंग्रजी साहित्य शिकते, अशी मी एकटी नाही. निवृत्त झालेल्या बाई एका अनोळखी विद्यार्थिनीसाठी किती करू शकतात, हे त्या मुलींनाही कळावं.

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी अमेरिकेतले कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूज यांची ‘द निग्रो स्पीक्स ऑफ रिव्हर्स’ ही कविता घेतली होती. तिच्यात एक कृष्णवर्णीय ‘मी’ आपल्या ओळखीच्या नद्यांबद्दल बोलतो. विषय होता स्थलांतर, निसर्ग आणि सांस्कृतिक ओळख. गाइडमध्ये उत्तर तयारच होतं: नदी हे काळाचं प्रतीक, वंशाच्या स्मृतीचं प्रतीक. तुम्ही गाइड मिटायला लावलंत आणि म्हणालात, ‘प्रतीक नंतर बघू. आधी मला सांग, हा माणूस एकेका नदीकाठी करतोय काय?’

कविता मला तिथून कळायला लागली. युफ्रेटिसमध्ये तो आंघोळ करतो. काँगोकाठी झोपडी बांधतो आणि नदी त्याला निजवते. नाईलकाठी पिरॅमिड उभे करतो. अमेरिकेतल्या मिसिसिपीपाशी आल्यावर मात्र त्याचे हात थांबतात. तिथं तो नुसतं ऐकतो आणि बघतो. त्या काठावर त्याच्या लोकांनी कापूस वेचला, बंधारे घातले, पण त्यातलं काहीच त्यांचं स्वतःचं नव्हतं. म्हणून कवीनं तिथं कामाचं क्रियापद ठेवलं नसावं, असं मी लिहिलं. तुम्ही शेजारी पेन्सिलीनं ‘हे तुझं आहे, राहू दे’ असं लिहिलंत. तो कागद मी जपून ठेवलाय.

मग तुम्ही नाईल आणि मिसिसिपी यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलंत. ‘इथं काय आहे?’ इथं अटलांटिक महासागर आहे. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबून याच पाण्यावरून नेलं, त्यातली लाखो वाटेतच मेली. कवितेत त्याबद्दल एक अक्षर नाही. समुद्राचं नावसुद्धा नाही. फक्त अब्राहम लिंकन, पुढे गुलामगिरी संपवणारे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, मिसिसिपीवरून न्यू ऑर्लिन्सला गेल्याचा उल्लेख येतो. तरुणपणी सपाट तळाच्या नावेतून तिथं गेलेल्या लिंकननं गुलामांचा बाजार पाहिला होता, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा ती साधी वाटणारी ओळ जड झाली. कविता लिहिणारा ह्यूज हा मुलगा नुकतीच शाळा संपवून 1920 साली मेक्सिकोला वडिलांकडे निघाला होता. आगगाडी मिसिसिपी ओलांडत असताना त्यानं ही कविता एका पाकिटाच्या पाठीवर उतरवली आणि जून 1921 मध्ये ती ‘द क्रायसिस’ मासिकात आली. त्या वयात कुठे गप्प राहायचं हे त्याला कळलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या रात्री मी आईला फोन केला. ती तेव्हा सांगलीकडे उसाच्या फडावर होती. आई फडावरचं सगळं सांगते. पहाटेची थंडी, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढायची फळी, पाचटाची कोपी म्हणजे झोपडी, मुकादमाचा हिशोब. पण पहिल्या वर्षी मला आजीजवळ ठेवून ती ट्रकमध्ये चढली, ते तिनं कधी सांगितलेलं नाही. मीही विचारलं नाही. तिच्या गप्प राहण्यातही काहीतरी सांगणं असतं, हे मला या कवितेमुळे समजलं, आणि कविता तुमच्यामुळे.

हे मी लेखात घातलं तेव्हा तुम्ही मला थांबवलंत, आणि त्याबद्दल तुमचे सगळ्यात जास्त आभार. तुम्ही म्हणालात, ‘दोन्ही दुःखं एकाच मापानं मोजू नकोस.’ आमची माणसं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन जातात, उचल फेडता फेडता पिचतात, पण पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की गावाला येतात. जहाजातून नेलेल्यांना परतीची वाट नव्हती, गावाचं नाव नव्हतं, भाषाही हिरावली गेली. म्हणूनच ह्यूजना हजारो वर्षांचा ‘मी’ उभा करावा लागला. माझ्या आईला गाव आहे, बोली आहे, आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. हा फरक मांडल्यावरच माझ्या लेखाला जोर आला. तुम्ही नुसतं कौतुक करून मला जाऊ दिलं असतंत, तर तो हळवा होऊन राहिला असता.

नद्यांचा भागही तुमच्या आग्रहामुळे नीट झाला. आमची मांजरा बालाघाटात उगवते, पण उन्हाळ्यात तिच्या पात्रात वाळू असते. माणसं कृष्णेच्या खोऱ्यात ऊस तोडायला जातात, आणि 2016 च्या दुष्काळात त्याच खोऱ्यातलं पाणी मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलं. निसर्ग आणि स्थलांतर हे दोन वेगळे मुद्दे करून लिहायची गरजच उरली नाही. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न याच भागावर विचारले, आणि मला एकाही प्रश्नाला अडखळावं लागलं नाही.

मॅडम, तुम्ही फी घेतली नाहीत. पुस्तकं दिलीत, ती परत मागितली नाहीत. मी आले की आधी जेवायला वाढलंत.

एक विनंती आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतील आणि आमच्या केज तालुक्यातल्या गावात मागे राहिलेल्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय होईल. तिथं संध्याकाळी मी मुलांबरोबर ही कविता मराठीतून वाचणार आहे. प्रश्न तुमचाच विचारणार आहे: हा माणूस नदीकाठी करतोय काय? तुमची तब्येत बरी असेल तर एखाद्या शनिवारी याल का? न्यायला मी येईन.

तुमची विद्यार्थिनी