मँडरिनचा मुखवटा आणि प्रेक्षकांचा हशा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुपरहिरोपटांतील खलनायकांविषयी आपल्या वाचकपत्रांत अलीकडे जी चर्चा झाली, तीत २०१३ सालच्या ‘आयर्न मॅन ३’चा दाखला दोन्ही बाजूंनी दिला गेला. एका वाचकाच्या मते त्या चित्रपटाने मँडरिनसारख्या मातब्बर खलनायकाचा विदूषक करून टाकला. दुसऱ्याच्या मते ती थट्टा हेच त्या चित्रपटातले खरे धाडस होते. मला वाटते, दोघांनीही दोन निराळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले आहेत. चित्रपटाचा सूर थट्टेचा आहे हे खरे, आणि त्याचा खलनायक अखेर फिका पडतो हेही खरे. पण पहिल्यामुळे दुसरे घडले, हे मला मान्य नाही.

हा चित्रपट अमेरिकेत ३ मे रोजी लागला, आपल्याकडे मात्र तो आठवडाभर आधी, २६ एप्रिललाच आला होता. त्यामुळे मी आणि माझा भाचा ठाण्यातल्या चित्रपटगृहात बसलो, तेव्हा रहस्य कोणी फोडलेले नव्हते. टोनी स्टार्क, म्हणजेच आयर्न मॅन, मायामीतल्या बंगल्यात चोरपावलांनी शिरतो, अमेरिकेला धडकी भरवणारा मँडरिन आता समोर येणार म्हणून आपण सावरून बसतो, आणि स्नानगृहातून बाहेर येतो तो एक पेंगुळलेला, दारूच्या तारेतला इंग्रज नट, जो सांगतो की पुढची वीस मिनिटे आत कोणी न गेलेलेच बरे. आमच्या पुढच्या रांगा खो-खो हसल्या. कॉमिक्स जपून ठेवणाऱ्या माझ्या भाच्याचा पॉपकॉर्नचा हात मात्र तोंडाशी जाता जाता थांबला. “मामा, हा खरा नाही ना?” एवढेच त्याने विचारले आणि चित्रपट संपेपर्यंत तो पुन्हा बोलला नाही.

त्याचा रुसवा मी तेव्हा हसण्यावारी नेला, तो माझा अन्याय होता. दहा अंगठ्यांचा हा मँडरिन १९६४ पासून कॉमिक्समध्ये आयर्न मॅनचा मुख्य वैरी. २००८ च्या पहिल्या चित्रपटात टोनीला अफगाणिस्तानात डांबून ठेवणारी टोळीही ‘टेन रिंग्ज’ नावाची. म्हणजे मँडरिन येणार, ही हूल पाच वर्षे दिलेली होती. जाहिरातींतही बेन किंग्जली यांचा तो घनगंभीर, धमकावणारा आवाजच ऐकू येत होता. इतके झाल्यावर वाढलेले ताट पुढ्यातून ओढून घेतल्यासारखे कोणाला वाटले, तर त्याला विनोद कळत नाही असे म्हणून चालणार नाही.

परंतु मुळातला मँडरिन काय होता, हेही पाहायला हवे. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी कल्पनेने रंगवलेला, लोंबत्या मिशांचा आणि लांब नखांचा कपटी चिनी माणूस, जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या फू मांचू या चिनी खलनायकाच्या पठडीतला. २०१३ साली ते चित्र जसेच्या तसे पडद्यावर आणणे शोभले नसते आणि परवडलेही नसते, कारण याच चित्रपटाच्या चीनमधील आवृत्तीत तिथल्या प्रेक्षकांसाठी फान बिंगबिंग या अभिनेत्रीचे प्रसंग खास जोडण्यात आले होते. दिग्दर्शक शेन ब्लॅक आणि त्यांचे सहलेखक ड्र्यू पीअर्स यांनी यातून काढलेली वाट मला आजही नामी वाटते. त्यांनी त्या चित्रालाच कथेतला बनाव केले. डोक्यावर बुचडा, लांब दाढी, अंगावर झगा, बोटांत अंगठ्या, आणि बोलण्यात अमेरिकी धर्मोपदेशकाची लय. या सगळ्याचे एकमेकांशी काहीच जुळत नाही, कारण पाश्चात्त्य माणसाला ज्याची ज्याची भीती वाटते ते ते वेचून हे सोंग सजवलेले आहे. ऑल्ड्रिच किलियन या उद्योजकाच्या ‘एक्स्ट्रिमिस’ नावाच्या, माणसाचे शरीर बदलून टाकणाऱ्या प्रयोगातली माणसे स्फोट होऊन मरतात. त्या अपघातांना दहशतवादी हल्ल्यांचे रूप देण्यासाठी दूरचित्रवाणीवर एक चेहरा हवा, म्हणून ट्रेव्हर स्लॅटरी हा नट, तो स्नानगृहातून बाहेर आलेलाच, भाड्याने आणला जातो. त्या चेहऱ्यावर कथेतली अमेरिका जितकी सहज विश्वास ठेवते, तितकाच आपणही ठेवला होता.

मी वीस-बावीस वर्षे हौशी नाटकांत रंगभूषेचे काम केले आहे. प्रयोग संपला की स्पिरिट गमने चिकटवलेली दाढी ओढून काढताना नटाचे खांदे कसे खाली येतात, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. किंग्जली यांनी तेच नेमके केले आहे: आवाज पातळ होतो, पाठीला बाक येतो, आणि डोळ्यांत बिचारी चमक येते. रोहिणी हट्टंगडी यांच्या कस्तुरबांसमोर १९८२ च्या ‘गांधी’त ज्यांना आपण पाहिले, तेच हे गृहस्थ, हे आठवून मला दुप्पट हसू आले. आणि हशामुळे धाक नाहीसा होतो, हे तरी कोणी सांगितले? ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे सोंगामागून सोंग बदलत प्रेक्षागृह हसवतो, पण म्हणून तो कोणाला निरुपद्रवी वाटलेला नाही.

टोनीच्या बाबतीतही हा सूर पोरकट नाही. आधीच्या ‘ॲव्हेंजर्स’ चित्रपटातल्या न्यूयॉर्कच्या युद्धानंतर त्याची झोप उडालेली आहे. उपाहारगृहात एका लहान मुलीच्या चित्रावर स्वाक्षरी करताना त्याच्या हातातला रंगखडू मोडतो आणि तो धापा टाकत बाहेर पळतो. आपल्यावर विषप्रयोग झाला असावा अशी त्याची शंका, आणि त्याच्या चिलखतातल्या बोलक्या यंत्राचे शांत उत्तर असे की हा भीतीचा झटका आहे. प्रसंग गमतीचा आहे आणि पोटात गोळाही आणतो.

खरी उणीव पुढे आहे. मुखवटा उतरल्यावर जो चेहरा दिसतो, त्यात दम नाही. १९९९ च्या नववर्षाच्या रात्री बर्नमध्ये टोनीने आपल्याला गच्चीवर ताटकळत ठेवले, एवढ्यावर किलियनचा डूख उभा आहे. शेवटी तो अंगावरचे ड्रॅगन दाखवत, आपणच खरा मँडरिन असल्याचे ओरडून सांगतो आणि चिलखतांच्या आतषबाजीत हरवून जातो. शेन ब्लॅक यांनी २०१६ साली सांगितले की मूळ संहितेत खलनायक स्त्री होती, पण स्त्री खलनायकाची खेळणी खपणार नाहीत म्हणून ती बदलायला लावण्यात आली. रिबेका हॉल यांची माया हॅन्सन ही ‘एक्स्ट्रिमिस’वर काम करणारी शास्त्रज्ञ अर्ध्यातच गोळी खाऊन का संपते, याचा उलगडा मला तेव्हा झाला. तेव्हा या चित्रपटाचा खलनायक विनोदाने बुडवला की खेळण्यांच्या हिशेबाने, हे वाचकांनीच ठरवावे.

रुसलेल्यांची समजूत हे चित्रपट काढणाऱ्या मार्व्हलने २०२१ च्या ‘शांग-ची’मध्ये काढली. टोनी लुंग यांचा वेनवू हा दहा कड्यांचा खरा धनी, पत्नीच्या शोकाने पोखरलेला बाप. भाच्याला तो मनापासून आवडला, मलाही. पण त्याच चित्रपटात ट्रेव्हरही परततो. आपले नाव वापरणाऱ्या या बहुरूप्याला ठार करायला वेनवूची माणसे निघालेली असतात, तो मरणाच्या दारात त्यांना ‘मॅकबेथ’ म्हणून दाखवतो, आणि ती इतकी खूश होतात की त्याला मारायचे सोडून करमणुकीसाठी पदरी ठेवून घेतात.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे