फोटोत बर्फ दिसतो, मोजला जात नाही

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत आर्क्टिकच्या टुंड्राचा, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या उघड्या माळाचा, सॅटेलाइट फोटो छापलात, फोटो सुरेखच होता, पण खाली लिहिलं होतं की आता बर्फ मोजायला माणसाने तिथे जायची गरज उरली नाही, ते वाचून राहवलं नाही. माझी भाची नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंदला कामाला जाऊन आली आहे (भारताचं हिमाद्री हे संशोधन स्टेशन 2008 पासून तिथेच आहे), तिच्याकडून कळलेलं सांगतो.

बर्फ हिरवा प्रकाश भरपूर परत फेकतो आणि डोळ्यांना न दिसणारा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतो, ढग बहुतेक वेळा दोन्ही परत फेकतात, त्यावरून सॅटेलाइट दोघांना वेगळं ओळखतं. काम हुशारीचं आहे, वादच नाही. पण सॅटेलाइटवरच्या मोडिस नावाच्या कॅमेऱ्याच्या बर्फाच्या नकाशात एक ठिपका 500 मीटर लांब-रुंद, म्हणजे 60 एकरांहून जास्त जमीन! टुंड्रात झाडं नाहीत, वारा टेकाडावरचा बर्फ झाडून खळग्यात नेऊन भरतो, इथे नुसते दगड आणि शेवाळ तर दहा पावलांवर कमरेएवढा बर्फ. आपल्याकडे इंदूरला विजय नगरला धो धो आणि राजवाड्यावर रस्ता कोरडा असतो ना, तसंच. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्यच उगवत नाही, मग असा कॅमेरा काय बघणार? मायक्रोवेव्हवालं सॅटेलाइट अंधारात, ढगांतून बघतं, पण त्याचा ठिपका साधारण 25 किलोमीटरचा.

म्हणून भाचीसारखी पोरं थंडीत ओळीने चालतात, थोड्या थोड्या अंतरावर काठी खुपसून खोली लिहून घेतात, मग खड्डा खणतात. भाचीने व्हिडिओ कॉलवर दाखवलं, वरचा थर वाऱ्याने इतका दाबलेला की करवतीने कापावा लागला आणि तळाशी जाड साखरेसारखे दाणे, मुठीत घेतले तर बोटांतून गळून गेले. ठरलेल्या मापाचा डबा भरून वजन केलं की घनता कळते. 40 सेंटीमीटर बर्फाची घनता पाण्याच्या 0.3 पट असेल तर त्याचं 12 सेंटीमीटर पाणी होतं, 0.2 असेल तर 8च. फोटोत दोन्ही पांढरेच.

मी नोकरीत असताना वर्षानुवर्षं रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजलंय, भर पावसात छत्री धरून, त्यामुळे ते वाक्य जरा लागलंच. सॅटेलाइटचा आकडा बरोबर की चूक हे शेवटी त्या काठीवरूनच पडताळतात. तेवढी दुरुस्ती छापा, आणि जमलं तर खड्ड्यात उतरून डबा भरणाऱ्यांचाही एक फोटो द्या.

आपला एक जुना वाचक,
इंदूर