बाबांची वही आणि थोरातांचा आराखडा

लखनौ,
२६ जानेवारी २०२०

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आज सुट्टी. सकाळी छावणीच्या रस्त्याने पायी येत होतो, तेव्हा बाबा, तुमची फार आठवण झाली. लष्कराच्या पूर्व कमांडचं मुख्यालय एकेकाळी इथे लखनौला होतं, आणि १९५७ ते १९६१ त्याचे प्रमुख होते आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले, वडगावचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. इतकी वर्षं या गावात काढली, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. महिनाभर त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचतोय.

तुम्ही लहानपणी मला कांगॉची गोष्ट सांगायचात. जानेवारी १९४५, ब्रह्मदेशातला आराकान, जपान्यांची माघारीची वाट तोडायची. ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदी, थिमय्या, सेन आणि थोरात. हिंदी अधिकाऱ्याला पलटण चालवता येईल का, अशी शंका घेणारे गोरे तेव्हा थोडे नव्हते. थोरातांच्या २/२ पंजाब पलटणीने मेलरोज नावाची टेकडी संगिनी लावून घेतली आणि तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. ही गोष्ट सांगताना तुम्ही हातातला चहाचा कप खाली ठेवायचात, मला अजून दिसतं ते.

पुढे १९५३ साली कोरियात मायदेशी परतायला तयार नसलेले २२ हजारांवर युद्धकैदी सांभाळायला भारताची तुकडी गेली, तिचे प्रमुखही थोरातच. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही आपल्या सैनिकांना जमिनीवर पाय ठेवू देईनात, म्हणून सगळ्यांना बंदरावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. तिथे कैद्यांनी आपला एक मेजर कुंपणाच्या आत ओढून नेला, तेव्हा थोरात स्वतः त्या संतापलेल्या जमावात शिरले आणि बोलून बोलून त्याला सोडवून घेऊन आले. आई, तू तिथे असतीस तर म्हणाली असतीस, "केवढं काळीज त्या माणसाचं!"

पण मला लिहायचंय ते लखनौबद्दल. इथे आल्यावर त्यांनी ईशान्येची सीमा नीट पाहिली आणि ८ ऑक्टोबर १९५९ ला आपला आराखडा वर पाठवला. म्हणणं साधं होतं. मॅकमहोन रेषेवर, म्हणजे चीनलगतच्या सीमेवर, रस्ते नाहीत, रसद पोचत नाही, तिथली ठाणी फक्त नजर ठेवण्यापुरती. चीन उतरला तर त्याला खाली येऊ द्यावं. त्याची रसदीची वाट लांबत जाईल, आपली आखूड राहील, आणि मग आपण निवडलेल्या जागी त्याला गाठावं. त्यासाठी किती फौज लागेल तेही मांडलं होतं. लष्करप्रमुख थिमय्यांना ते पटलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी उडवून लावलं. मार्च १९६० मध्ये 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन थोरातांनी शत्रू कसा कसा पुढे सरकेल ते मांडून दाखवलं. तरीही काही हललं नाही. थिमय्यांनी आपल्यामागे लष्करप्रमुख म्हणून थोरातांचं नाव सुचवलं होतं, तेही डावललं गेलं आणि १९६१ ला थोरात निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ ला चिनी उतरले आणि महिन्याभरात तवांग, से ला, बोमडिला गेलं.

युद्धानंतर नेहरूंनी त्यांना बोलावलं. तो कागद वाचून, हे मला आधी का दाखवलं नाही, असं त्यांनी विचारलं. मी इथे पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

कारण बाबा, मला तुमची शंभर पानी वही आठवली. २००५ च्या पुरानंतर तुम्ही भिंतीवर जिथे पाणी टेकलं तिथे खिळ्याने रेघ ओढलीत, आणि वहीत लिहून काढलंत की पुढचं पाणी याच्या वर जाणार. पाटबंधाऱ्यात ३० वर्षं पातळ्या मोजलेला माणूस. मागची पडवी पाडून वर स्लॅबची खोली काढायची, गोठ्याचं जोतं चार फूट उचलायचं, धान्य, कागद, मोटार सगळं वर. २०१२ ला घर दुरुस्तीला काढलं तेव्हा ती वही तुम्ही माझ्यापुढे ठेवलीत. मी दोन पानं चाळली, "असा पूर काय रोज येतोय का?" म्हणालो आणि खाली फरशी बसवली.

गेल्या ऑगस्टमध्ये पाणी तुमच्या रेघेच्या वर हातभर होतं. पोती कुजली. आई, तुझी शिलाई मशीन गेली. पूरग्रस्तांच्या छावणीतून परत आल्यावर तू त्या वहीची पानं एकेक सोडवून दोरीवर वाळत घातलीस, मी पाहिलं. आणि बाबा, त्या दिवशी काय, नंतरही कधी, "मी सांगितलं होतं" हे तुमच्या तोंडून आलं नाही. थोरातही निवृत्तीनंतर बोलावणं आलं तेव्हा राष्ट्रीय संरक्षण परिषदेत जाऊन बसले, पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा विचार मी एका माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणूनच करू शकतो, आणि तो तुमचा आहे.

बाबा, माझं चुकलं. आठ वर्षं उशिराने म्हणतोय.

मार्चमध्ये पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. स्लॅब मृगाच्या आधी पडला पाहिजे, तेव्हा गवंड्याला आत्ताच सांगून ठेवा. पैसे खात्यावर पाठवलेत. आई, नवी मशीन तू पसंत कर, मी आणून देतो. जोत्याचा आकडा वहीत चार फूट होता. आता नवी रेघ धरून तो किती करायचा ते तुम्हीच ठरवा, बाबा. त्यात मी बोलणार नाही.

तुमचा,
संजू